कुर्डुवाडीला पलटायचा

माझ्या धाकट्या सुनेने घरात नवा टोस्टर आणलाय. पाव आत टाका, दांडी खाली दाबा आणि खुशाल आंघोळीला जा. झाला की आपोआप टुणकन उडी मारून वर येतो म्हणे. येतो खरा, पण कधी पांढराफटक तर कधी निव्वळ कोळसा. सून म्हणते, "आई, त्याचं बटण नीट लावायला हवं." मी म्हणते, "बटणाचं काय घेऊन बसलीस बाई, त्याच्यापाशी उभं कोण राहणार?" ती हसते नि कामाला लागते. मग कुणाचं लक्ष नाही असं बघून मीच ओट्यापाशी उभी राहते आणि तोंडातल्या तोंडात सुरू करते. सोलापूर. बाळे. पाकणी. मुंढेवाडी. मोहोळ...

हे मला ज्यांनी शिकवलं त्यांना सगळी गल्ली गार्डसाहेब म्हणायची. रेल्वेत जन्मभर गार्डाची नोकरी करून घरी बसलेले. घरी बसलेले म्हणायचं आपलं, कारण त्यांना बसलेलं मी फार क्वचित पाहिलं. माणूस कायम उभा. उंच, वाळका, पांढऱ्या मिशा, खाली धोतर आणि वर रेल्वेचा जुना काळा कोट. सोलापूरच्या उन्हाळ्यातसुद्धा तो कोट अंगावरून उतरायचा नाही. घामाची नुसती धार लागलेली असायची. काढा की हो कोट, असं कुणी म्हटलं तर म्हणायचे, "ड्यूटी संपली की काढतो." आता कसली ड्यूटी, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

मी तेव्हा नुकती विशी ओलांडलेली. ट्रेनिंग पुरं करून सोलापुरात मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले होते. घर बार्शीला. एकटी मुलगी परगावी राहणार म्हटल्यावर आमच्या घरात आधी रडारड झाली, मग भांडणं झाली आणि शेवटी थोरल्या भावाने माझी वळकटी खांद्यावर टाकली. नवराबायको दोघंच असतील असं शाकाहारी घर त्याला हवं होतं. शुक्रवार पेठेच्या मागच्या एका गल्लीत आम्ही पोचलो तेव्हा दिवेलागण व्हायला आली होती. दोन्ही बाजूंच्या घरांतून हातमागांचा खटखटाट चाललेला, त्यामुळे कुणाशी बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागत होतं.

ओसरीवर गार्डसाहेब आमच्याकडे पाठ करून उभे होते. समोर तिवईवर पत्र्याचा एक चकचकीत डबा, आणि आढ्याच्या दिव्याच्या खोबणीतून खाली आलेली वायर त्या डब्यात शिरलेली. भाऊ म्हणाला, "नमस्कार. खोलीसाठी आलो होतो—"

त्यांनी मागे वळूनही न बघता एक हात वर केला. हातात लाल झेंडी!

ते आपले पुटपुटतायत, "अनगर. उतरा. चढा. हां... हिरवा. वाकाव. उतरा. चढा..." भावाने माझ्याकडे बघून कपाळाशी बोट फिरवलं. मला हसू आवरेना. एवढ्यात "कुर्डुवाडी! गाडी बदला!" असं म्हणून त्यांनी डब्याचं एका बाजूचं दार खट्कन खाली ओढलं. आतला पावाचा काप घसरून पालथा झाला. दार बंद. पुन्हा पुटपुटणं. "शेंद्री... उतरा, चढा... बार्शी!" दार उघडलं, खरपूस बदामी रंगाचा काप चिमट्याने ताटलीत काढला, वायर सोडवली, खोबणीत दिवा परत लावला, आणि मग कुठे आमच्याकडे वळले.

"हां. आता बोला. कुटून आलात?"

"बार्शीहून," भाऊ चाचरत म्हणाला.

"बगा!" गार्डसाहेबांचा चेहरा उजळला. "बरूबर टायमात आलात की!" आणि तो गरम काप त्यांनी माझ्याच हातात दिला. खोली पसंत आहे का, भाडं काय, कुणी कुणाला काही विचारलंच नाही. भाऊ वळकटी ठेवून गेला.

तर असा तो टोस्टर. रेल्वेच्या एका साहेबाची मडम विलायतेला परत जाताना देऊन गेलेली. त्याला दोन बाजूंना दोन दारं होती, पण एक मोडलेलं. म्हणजे एका वेळी एकच काप. गल्लीत वीज नुकती आलेली आणि सबंध घरात दिवा एकच, तो ओसरीवर. टोस्टर लावायचा तर दिवा काढून त्याच खोबणीत वायर अडकवावी लागे. आणि यांची टोस्टची वेळ नेमकी दिवेलागणीची! लोक तिन्हीसांजेला दिवा लावतात आणि हा मनुष्य स्टुलावर चढून लागलेला दिवा काढणार. आतून अव्वांचा आवाज यायचाच.

अव्वा म्हणजे त्यांच्या पत्नी. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे बोलण्यात निम्मी कानडी. आपल्याकडे बायका नवऱ्याला "अहो" म्हणतात, त्या "री" म्हणायच्या.

"री! लक्ष्मी यायच्या टायमाला दिवा काढतोय माणूस! काय म्हणावं ह्याला, अय्यो!"

"लक्ष्मीला म्हनावं, गाडी सुटू दे, मग ये," गार्डसाहेब सांगायचे आणि शिट्टी फुंकायचे. खरीखुरी, गार्डाची शिट्टी. अंधाऱ्या ओसरीवर टोस्टरच्या तारा हळूहळू लालबुंद होत आणि त्या उजेडात त्यांच्या मिशा तेवढ्या दिसत.

टोस्टर कसा वापरावा याचं त्यांचं एक शास्त्रच होतं आणि ते शाळेतल्या माझ्या पोरींच्या पाढ्यांसारखं मला तोंडपाठ झालं. पाव ताजा घ्यायचा नाही. "ताजा पाव वला असतो पोरी. वरनं करपतो आन् आत नुस्ता लगदा." संध्याकाळी आलेली डबलरोटी फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि दुसऱ्या संध्याकाळी कापायची. काप सगळीकडे सारखा हवा. एका कडेला जाड नि एका कडेला पातळ झाला तर त्या दिवशी त्यांचा मूड गेलाच म्हणून समजा. आधीचा चुरा आत राहता कामा नये. त्यासाठी दाढीचा जुना ब्रश ठेवलेला. "चुरा पेटतो आन् नाव पावाचं खराब हुतं." पहिला काप पॅसेंजर, कारण तारा थंड असतात. त्याला सगळी स्टेशनं घ्यायची, प्रत्येक ठिकाणी उतरा, चढा, हिरवा. दुसरा काप मात्र मेल. तोवर डबा तापलेला असतो, म्हणून मोहोळ, माढा आणि थेट कुर्डुवाडी. एखाद्या दिवशी वीज ढिली असली की तारांचा रंग बघून म्हणायचे, "आज चढ हाय," आणि गाडी माढ्याला अंमळ जास्त थांबवायचे. काही झालं तरी पलटायचा कुर्डुवाडीलाच. दुसरी बाजू लवकर होते, म्हणून तिला बार्शीची छोटी लाइन.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बोलायचं नाही. "गाडी चालू असताना गार्डाशी बोलायचं न्हाय." शेजारचा कुणी मेला म्हणून सांगायला आला असता तरी लाल झेंडी वर झाली असती. खोटं नाही सांगत, त्या घरात पहिले कितीतरी महिने मी करपलेला टोस्ट पाहिला नाही. मग एक करपला. त्याचंच सांगायला बसले आहे.

मला मेलीला त्या वेळी घरची फार आठवण यायची. शाळेत दिवस निघून जाई. संध्याकाळी मिलचा भोंगा झाला, रस्त्याने माणसं घराकडे निघाली की मी माडीवरच्या माझ्या खोलीत खिडकीशी जाऊन बसायची. मग ओसरीवरून शिट्टी वाजायची. मी खाली येऊन पायरीवर बसायची. अंधारात एकेक गाव मागे टाकत ती गाडी निघायची आणि शेवटी रोज, न चुकता, माझं गाव यायचं. "बार्शी!" म्हणून ते गरम काप माझ्या हातावर ठेवायचे. तूप लावलेला. तसा टोस्ट मी पुन्हा खाल्ला नाही. पुढे पुण्यात मोठमोठ्या हॉटेलांतून खाल्ले, मुलाकडे मुंबईला खाल्ले. छे!

रोज तीन काप व्हायचे. पहिला माझा, दुसरा त्यांचा. तिसरा सगळ्यात निगुतीने भाजायचे आणि ताटलीत घालून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवायचे. उंबऱ्याच्या आत टोस्टरला नि पावाला बंदी होती. अव्वा रोज आंघोळ करून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय पाणी न पिणाऱ्या. पाव फुगवायला त्या काळी बेकरीत शिंदी, म्हणजे ताडीसारखी दारूच, घालायचे. शिंदी घातलेली वस्तू त्यांच्या चुलीपाशी येणं शक्यच नव्हतं.

गार्डसाहेब ताटली ठेवून एवढंच म्हणायचे, "टोस्ट."

आतून एवढंच यायचं, "ब्याड." म्हणजे नको.

बस. ना भांडण, ना आग्रह. ताटली रात्रभर तिथेच. सकाळी तो गारढोण, चिवट झालेला काप गार्डसाहेब चहात बुडवून स्वतः खायचे. "पार्सल परत आलं," म्हणायचे. आणि संध्याकाळी पुन्हा ताटली उंबऱ्यावर. मला आधी गंमत वाटायची, मग राग यायला लागला. एकदा चांगली तडकले. म्हटलं, "रोज नको म्हणतात तर रोज ठेवता कशाला? पाव काय फुकट येतो?"

त्या दिवशी ते चक्क बसले. स्टुलावर. म्हणाले, "पोरी, सगळी नोकरी मी हिच्या हातचा डबा खाल्ला. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी. कुर्डुवाडीला गार्डांच्या रनिंग रूमात उघडायचा तवा भाकरी मऊच असायची. एक दिवस डबा चुकला न्हाय. गावात प्लेग हुता तवाबी स्टेशनावर डबा आला. आन् तिनं माज्या हातचं काय खाल्लं सांग? पानीसुद्दा न्हाय. मला दुसरं काय येतंय करायला? एक टोस्ट येतोय." थोडं थांबून म्हणाले, "एकदा खाल्ला तिनं, की मी ह्यो कोट काढून ठेवनार."

मी दाढीचा जुना ब्रश उचलला आणि टोस्टरमधला चुरा झाडायला लागले.

शिंदीवर त्यांनी उपाय काढून पाहिला. बेकरीवाले चाचा रोज संध्याकाळी डोक्यावर पेटी घेऊन यायचे, त्यांना गळ घातली की खास बिनशिंदीची एक डबलरोटी करून द्या. चाचा म्हणाले, "साब, नक्को बोलो. बिगर शिंदी के फुलता नै." हे ऐकतायत कुठले! शेवटी चाचांनी दही घालून एक रोटी भाजून आणली आणि पेटीतून काढताना आधीच कानाला हात लावले. "साब, मेरेकू कुछ बोलनेका नै. ये रोटी नै, फत्तर हुआ." ती कापायला गार्डसाहेबांनी करवत आणली, देवाशपथ. टोस्टरमध्ये तो काप कुर्डुवाडी सोडून पार दौंडापर्यंत गेला असेल तरी रंग बदलेना. अखेर उंबऱ्यावर ठेवला. अव्वा बाहेर आल्या, काप उचलून भिंतीवर आपटून पाहिला. भिंतीचा पोपडा पडला. "बरं झालं," म्हणाल्या, "पाट्याला टाकी द्यायची हुती, आता नको. ह्याच्यावरच चटणी वाटते." मी हसून हसून लोळायची बाकी राहिले. गार्डसाहेब नाही हसले.

पण खरं कारण शिंदी नव्हतंच. ते मला अव्वांनीच सांगितलं, एका दुपारी शेंगा फोडताना. मी म्हटलं, "अव्वा, एक घास खा की. त्यांचा जीव किती तुटतो." त्यांनी शेंगा फोडायच्या थांबवल्या.

"तुला काय सांगू पोरी. लगीन झालं तवापासनं एकटी जेवले मी ह्या घरात. पोरबाळ न्हाय, बोलायला भिंती. एक दिवस घरी यायचे, झोपायचे, परत डबा घिऊन जायचे. मी म्हनायची, असू दे, नोकरी हाय. पेन्शन झाली की बोलू. आता पेन्शन झाली." त्यांनी ओसरीकडे हात केला. "तर ही शिट्टी आन् ही लाल झेंडी! गाडी चालू हाय, बोलू नको! आता घरात कसली गाडी? ते पावाकडं बगत्यात, माज्याकडं बगत न्हाईत. मी कशाला खाऊ तो पाव?" डोळ्यांतून एकदम पाणीच आलं त्यांच्या. पदराने पुसून पुन्हा शेंगा फोडायला लागल्या.

काय करावं माणसाने? तो म्हणतो मला हिच्यासाठी काहीतरी करायचंय, ती म्हणते माझ्याशी दोन शब्द बोला. आणि मधे तो टोस्टर. मी गार्डसाहेबांना हे सांगायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. पण त्यांना वाटे, टोस्ट आणखी चांगला झाला की प्रश्न सुटेल.

त्या हिवाळ्यात अव्वांना मुदतीचा ताप आला. दिवसच्या दिवस शुद्ध नव्हती. मी शाळेतून रजा घेतली. बार्शीहून आईने निरोप धाडला की घरी ये, पण माझा पाय निघेना. ओसरीलगतच्या खोलीत, दारासमोर, त्यांचं अंथरूण हलवलं होतं, वारा लागावा म्हणून. ताप उतरला तेव्हा नुसती हाडं उरली होती. डॉक्टर म्हणाले, "आतडी नाजूक झालीत. भाकरीचा कण जाता कामा नये. दूध, आणि चांगला भाजलेला टोस्ट, दुधात बुडवून."

अव्वा पडल्या पडल्या म्हणाल्या, "ब्याड."

भाकरी द्यायची नाही, भात त्यांना नकोसा झालेला, दुधाचेही दोन घोट घेऊन तोंड फिरवायच्या. डॉक्टरांनी जाताना गार्डसाहेबांना ओसरीच्या कडेला नेलं. मी मागेच उभी होते. "पोटात काही गेलं नाही तर ही बाई उठायची नाही," ते म्हणाले. "ताप गेला, पण शक्ती उरली नाहीये. तुम्ही समजून असा."

त्यानंतरचे ते दिवस नको वाटतात आठवायला. गार्डसाहेब आता दिवेलागणीची वाट बघत नव्हते. सकाळी, दुपारी, केव्हाही शिट्टी न वाजवता दिवा काढायचे. काय एकेक काप भाजला त्यांनी! दोन्ही बाजूंनी एकच रंग, कडांनासुद्धा डाग नाही. ताटली आता उंबऱ्यावर नाही, अंथरुणाशी. "टोस्ट," म्हणायचे. त्या भिंतीकडे तोंड करायच्या. मी हातापाया पडले. "अव्वा, औषध म्हणून खा." मान हलायची नाही. काप आता कधी कधी जाडापातळ व्हायचा, आणि तोही ते टाकून न देता तसाच भाजायचे. ते बघून मला जास्त भीती वाटली.

एका संध्याकाळी मी अव्वांचे पाय दाबत बसले होते. समोर दारातून ओसरी दिसत होती. अंधार, लाल तारा, आणि पुटपुटणं. "पाकणी. उतरा. चढा. हिरवा. मुंढेवाडी..." मोहोळ गेलं. मलिकपेठ गेलं. "अनगर."

"री," अव्वा म्हणाल्या.

इतका बारीक आवाज की मला आधी भास वाटला. गार्डसाहेबांचा हात सवयीने वर गेला. झेंडीसकट.

"री, अनगरला काय असतं?"

हात तसाच वर राहिला.

"रोज ऐकते मी. मोहोळ, अनगर, वाकाव. जन्मभर तुमी तितंच हुता. मी काय पायलंय का कवा? काय असतं तितं?"

झेंडी खाली आली. गार्डसाहेब टोस्टर सोडून वळले. टोस्टरमध्ये पाव असताना मी त्यांना वळलेलं पहिल्यांदा पाहत होते. दारात येऊन उभे राहिले. बोलायची सवय कुठे होती!

"अनगरला?" म्हणाले. "काय न्हाय. एक लिंबाचं झाड हाय. आन् पॉइंट्समनची शेळी."

"शेळी?"

"व्हय. लई द्वाड. एकदा माजा हिरवा झेंडा खाल्ला की तिनं."

"खाल्ला?"

"समदा! दांडी तेवडी ठेवली. मी खाली उतरून पानी पीत हुतो, झेंडा बाकड्यावर. बगतो तर शेळीच्या तोंडात शेवटचं टोक. गाडी भरलेली, डायवर शिट्टीवर शिट्टी मारतोय, आन् मला दाखवायला हिरवं कायच न्हाय!" ते आत आले आणि अंथरुणाच्या कडेला बसले. "मग पॉइंट्समनच्या बायकूचं हिरवं लुगडं वाळत हुतं दोरीवर. तेच वडलं आन् हलवलं. डायवरला वाटलं, गार्डाला भूत लागलं. पन गाडी सुटली. ती बाय मागनं पळतिया, माजं लुगडं, माजं लुगडं, आन् मी ब्रेकव्हॅनमधनं लुगडं हालवतोय..."

अव्वा हसल्या. आधी नुसतं पोट हललं, मग आवाज फुटला. खोकला आला तरी हसतच होत्या. त्या घरात मी त्यांना कधी तसं हसताना ऐकलं नव्हतं. "आन् हे मला आत्ता सांगताय व्हय? इतक्या वर्सांनी?" हसता हसता एकदम थांबून म्हणाल्या, "लुगडं परत दिलं न्हवं?"

"दिलं की! येताना दिलं."

आणि तेव्हा वास आला. ओसरीवर धूरच धूर. गार्डसाहेब धडपडत उठले, वायर ओढली, दार उघडलं. आतून जे निघालं ते एका बाजूने काळंठिक्कर, दुसऱ्या बाजूने कच्चं. कुर्डुवाडी आलीच नव्हती. तो काप चिमट्यात धरून हा मनुष्य अंधारात उभा, आणि एकदम लहान पोरासारखा रडायला लागला. "जळला," म्हणाले. "जळला गं."

"आना हिकडं," अव्वा म्हणाल्या.

"अगं जळला म्हनतोय—"

"तेच म्हनते. जळला न्हवं? मग त्यातली शिंदीबी जळाली. आना."

मी दूध पुढे केलं. त्यांनी तो काळा तुकडा बुडवला, तोंडात घातला, सावकाश चावला. आम्ही दोघं त्यांच्या जबड्याकडे बघत होतो. "कडू हाय," म्हणाल्या. "करपल्या भाकरीवानी लागतंय." दुसरा घास घेतला. मग म्हणाल्या, "पुडं सांगा की. वाकाव ऱ्हायलं."

गार्डसाहेबांनी कोट काढला. खरंच काढला, आणि खुंटीला लावला. सदऱ्यावर ते कसेतरीच, अर्ध्या अंगाचे दिसत होते. अंथरुणाशी बसून वाकावचं सांगायला लागले. ओसरीवर दिवा लावायचा राहिला आहे, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

अव्वा उठल्या. थोडं थोडं करून चालायला लागल्या. पुढे रोज तीन काप व्हायचे ते पूर्वीसारखेच. पहिले दोन लाल झेंडी दाखवून, चिडीचूप. तिसरा अव्वांचा. त्याच्यापाशी ते बोलत आणि तो जळत असे. त्या जळकाच मागायच्या. पूर्ण बदामी झालेला एकदा चुकून दिला तर म्हणाल्या, "ह्यात शिंदी हाय." वसंतात गार्डसाहेब त्यांना खरोखरच पॅसेंजरने घेऊन गेले, अनगर दाखवायला. संध्याकाळी परत आल्या त्या तोंड पाडून. मी विचारलं, "कसं होतं?" म्हणाल्या, "नुस्ता फलाट की गं. तितं काय न्हाय. हितं ओसरीवर लई छान वाटत हुतं."

मग माझं लग्न झालं आणि मी पुण्याला गेले. संसार, पोरं, आजारपणं. सोलापूर मागे पडलं म्हणायचं, पण संध्याकाळी कुठल्याही गावी असले तरी कान शिट्टीसाठी टवकारायचे. गार्डसाहेब गेल्याचं मला फार उशिरा कळलं, भावाकडून. त्यानंतर पहिल्यांदा बार्शीला गेले तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून सोलापूरला उतरले.

गल्ली तीच, मागांचा खटखटाट तोच. मी पोचले तेव्हा तिन्हीसांज झाली होती आणि ओसरीवर अंधार होता. पायरीपाशीच थांबले. आत तारा लाल झालेल्या. तिवईपुढे अव्वा उभ्या होत्या, पाठमोऱ्या, खांद्यावर तो काळा कोट. माझी चाहूल लागली असेल. हात वर झाला. मी मुकाट्याने माझ्या जुन्या जागी बसले.

"बाळे," अव्वा म्हणत होत्या. "उतरा. चढा. पाकणी. मुंडेवाडी." सगळी स्टेशनं बरोबर, क्रमाने. "मोहोळ. मलिकपेठ. अनगर."

आणि थांबल्या.

मी वाकावची वाट बघत राहिले. वाकाव येईना. पावाचा वास आला, मग करपल्याचा, मग धूर दिसायला लागला. अव्वा तारांकडे बघत तशाच उभ्या. गाडी चालू असताना बोलायचं नाही हे माहीत असूनही माझ्याने राहवेना.

"अव्वा," मी म्हटलं, "पलटा की. जळतोय."

"जळू दे गं," त्या मागे न बघता म्हणाल्या. "गाडी अनगरला उबी हाय. हिरवा दाखवायला मानूस कुटं हाय?"